फेरीच्या आदल्या रात्री मुक्काम कुठे करावा?

श्रावण तोंडावर आला की आमच्या दवाखान्यात तापा-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक मंडळी येऊ लागतात. त्यांना आजार काही नसतो. "डॉक्टर, तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला फेरीला जायचंय. एक पाय दुखण्याची गोळी द्या आणि एक पोट बांधायची," एवढेच त्यांचे मागणे असते. मी विचारतो, "रविवारी रात्री झोपणार कुठे?" उत्तर ठरलेले. "बघू, कुठंतरी टेकू पाठ."

या "कुठंतरी"वरच आज चार शब्द लिहायचे आहेत. कारण फेरीहून परतल्यावर जी मंडळी आमच्याकडे येतात, त्यांतली निम्मीअधिक दुखणी चालण्याने आलेली नसतात. ती आदल्या रात्रीच्या मुक्कामात जडलेली असतात. कुठले पाणी प्यायले, कशावर झोपले, किती झोपले आणि शौचाची सोय काय होती, या चार गोष्टी पुढचे वीस किलोमीटर कसे जाणार ते ठरवतात.

वाचकांना ठाऊक आहेच, तरी नव्यांसाठी सांगतो. कुशावर्तावर स्नान करून, त्र्यंबकराजाचे दर्शन घेऊन ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालायची, ही ती फेरी. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. वाट पहिन्याच्या बाजूने डोंगराला वळसा घालत जाते. चिखल, ओढे, निसरडे दगड आणि वरून धो धो पाऊस. घाटमाथ्याजवळचा हा भाग, आपल्या ओझर-निफाडच्या पावसाशी त्याची तुलनाच नको. बहुतेक जण रविवारच्या मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे निघतात. त्र्यंबक गाव मुळात लहान, डोंगराच्या कुशीत, गल्ल्या अरुंद. त्या एका रात्री तिथे लाखांनी माणूस उतरतो. अशा गावात ऐनवेळी जागा शोधणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत शेवटच्या वाढपाला पाटावर बसणे. जे उरले असेल ते मिळणार.

मुक्कामाचे प्रकार तसे पूर्वापार चालत आलेले आहेत. पहिला म्हणजे आपल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी. ज्यांच्या वहीत आपल्या आजा-पणजाची नावे आहेत, त्या गुरुजींच्या वाड्यात. दुसरा, देवस्थानचे आणि निरनिराळ्या संस्थानांचे भक्तनिवास. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचीही तिथे शाखा आहे. तिसरा, जातीपातीच्या आणि समाजांच्या धर्मशाळा. चौथा लॉज. आणि पाचवा, ज्याला मी "आकाशाचा लॉज" म्हणतो, म्हणजे देवळाची ओसरी, एस. टी. स्टँड, दुकानाची फळी. यांत वैद्यकीय दृष्टीने श्रेष्ठ कोणता असे विचाराल, तर पाटी पाहून सांगता येणार नाही. भाडे जास्त म्हणून जागा आरोग्याला चांगली, असे समीकरण नाही. हजार-दोन हजार घेणाऱ्या खोलीत भिंतीला बुरशी आणि खिडकी कायमची बंद असू शकते, आणि जुन्या वाड्यातली माडी कोरडी, हवेशीर असू शकते. संस्थानांच्या भक्तनिवासांत झाडलोट नियमाने होते आणि रात्री ठरल्या वेळी शांतता असते, हा मात्र मोठा गुण. पण तिथली जागा आधी मिळवावी लागते.

जागा पाहायला गेलात की गादी-उशी आणि दूरदर्शन संच नंतर पाहा. आधी संडास पाहा. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण तीस वर्षांच्या व्यवसायात माझे हेच मत पक्के झाले आहे. एका संडासामागे किती माणसे, पाणी आहे का, आतून कडी लागते का, दिवा आहे का, एवढे विचारा. फोनवरून खोली ठरवत असाल तर हाच प्रश्न पहिला विचारा. खोलीचे फोटो सगळे पाठवतात, संडासाचा कोणी पाठवत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना बसके कमोड हवे, आणि ते त्याच मजल्यावर हवे. रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ओल्या, काळोख्या जिन्यावरून खाली उतरवणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची व्यवस्था करून ठेवणे.

यात सर्वांत जास्त हाल होतात ते आयाबहिणींचे. सोय नाही म्हणून त्या रविवारी दुपारपासून पाणीच पीत नाहीत. काही जणी तर सकाळची रक्तदाबाची, लघवी होण्याची गोळीही चुकवतात, कारण वाटेत जायचे कुठे. परिणाम असा की पहाटे पहिन्याच्या आसपास चक्कर येते, पायात गोळे येतात, आणि मंगळवार-बुधवारी लघवीची जळजळ आणि थंडी वाजून ताप घेऊन त्या माझ्यासमोर बसलेल्या असतात. घरातल्या पुरुषांनी हे लक्षात घेतले पाहिजे. मुक्काम निवडताना घरच्या बाईला विचारा. तिला जी जागा चालेल ती सगळ्यांना चालते.

आता पाण्याविषयी. पावसाळ्यात वरचे पाणी खाली वाहत येते आणि सोबत काय काय आणते ते सांगायला नको. मुक्कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी कुठून येते, टाकी झाकलेली आहे का, हे जरूर विचारा. घरून उकळलेले पाणी नेता येईल तेवढे न्या. ओझरहून त्र्यंबक पन्नासेक किलोमीटर, गाडीत एक कॅन जास्त ठेवायला काय हरकत आहे? ते संपले तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब घाला, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबून मग प्या. तीर्थ म्हणून कुशावर्ताचे पाणी डोळ्यांना, डोक्याला लावावे. पोटात घेऊ नये. हे सांगितल्यावर काही ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे जरा रागाने पाहतात. पण हजारो जण स्नान करीत असलेले पाणी श्रद्धेने निर्जंतुक होत नाही, हे त्यांनाही मनातून माहीत असते.

दूषित पाण्याची एक गंमत आहे, गंमत कसली, फसवणूकच. जुलाब-उलटी त्याच रात्री किंवा दोन-चार दिवसांत होते, म्हणून तिचा संबंध लोक यात्रेशी जोडतात. कावीळ मात्र दोन ते सहा आठवड्यांनी उगवते, क्वचित त्याहूनही उशिरा. श्रावणात प्यायलेल्या पाण्याची कावीळ गणपतीत, नवरात्रात दिसते आणि घरचे म्हणतात, "डॉक्टर, बाहेरचं तर काहीच खाल्लं नाही." गरोदर स्त्रियांना यातला एक प्रकार जिवावरचा ठरू शकतो. पोट बांधायची गोळी आधीच घेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही. तिने जंतू मरत नाहीत, उलट आतली घाण आत राहते. तिच्याऐवजी क्षारसंजीवनीची चार पाकिटे खिशात ठेवा. नसतीलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, जेवणाचा नव्हे.

यानंतरचा मुद्दा झोपण्याच्या जमिनीचा. याकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण इथे प्रश्न जुलाबाचा नाही, जिवाचा आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधतात. त्यांतला मण्यार हा रात्री फिरणारा. तो ओसरीत, पडवीत, गोठ्यालगतच्या खोलीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही. नीट खूणही दिसत नाही. माणूस झोपेतच कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते, मळमळते, घसा आवळल्यासारखा वाटतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे जड होते. बरोबरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले, झोप झाली नाही. आणि तासा-दोन तासांत श्वासाचे स्नायू थकतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील, तर अपचन समजून वेळ घालवू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा. तिथे सर्पविषावरील लस मिळते, आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांवर चालते. मांत्रिकाकडे, गावठी औषधवाल्याकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने करकचून बांधणे, यांतले काहीही करू नका.

म्हणून खाट मिळत असेल तर खाट घ्या. जमिनीवरच झोपायचे तर भिंतीपासून हातभर दूर, आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचून. मच्छरदाणी डासांसाठी असते असे आपण समजतो. ती सापा-विंचवालाही अडवते. तीनशे-चारशे रुपयांची ही वस्तू पिशवीत मावते, पण यात्रेला नेणारा माणूस मी शंभरात एखादाच पाहिला आहे. लाकडाच्या ढिगाऱ्याजवळ, धान्याच्या पोत्यांजवळ, उंदीर दिसतात अशा खोलीत झोपू नका. उंदीर जिथे, तिथे साप. अंधारात उठताना विजेरी लावा आणि चप्पल घालण्यापूर्वी झटका. विंचू चावला तर नुसत्या वेदना असतील तर ठीक, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे असे झाले तर तातडीने दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले, ते आता जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. हा इलाज एका तालुक्याच्या गावात बसलेल्या डॉक्टराने दाखवला, याचा आम्हा गावोगावच्या डॉक्टरांना फार अभिमान वाटतो.

लॉजच्या चादरी-ब्लँकेटांविषयी थोडक्यात. गर्दीच्या दिवसांत त्या धुतलेल्या असतीलच असे नाही, आणि श्रावणात धुतल्या तरी वाळत नाहीत. खरूज अशीच घरात येते आणि मग आठ जणांच्या कुटुंबाला एकाच दिवशी मलम लावावे लागते. आपली चादर आपण न्यावी. दम्याच्या रुग्णांनी खोलीत शिरल्याबरोबर नाकाने परीक्षा करावी. कुबट वास आला तर दुसरी खोली मागावी, आणि पंप उशाशी ठेवावा.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर सावध. तो बंद न्हाणीत चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करता करता डोके जड होते आणि माणूस खाली बसतो तो उठत नाही. गिझर न्हाणीच्या बाहेर असावा, किंवा निदान झरोका उघडा असावा. बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग आंघोळ करा. विजेचा रॉड बादलीत असेल तर बटण बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालून पाहू नका.

हाच वायू हिवाळ्यात आणखी क्रूर होतो. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा त्र्यंबकला भरते, जानेवारीच्या कडाक्यात. थंडीचे आपल्याला कौतुक नको, आपण निफाड तालुक्यातले. पारा चार-पाचवर आला की इथली द्राक्षबागाईतदार मंडळी रात्रभर बागेत शेकोट्या करतात. पण शेकोटी बागेत ठीक. खोलीत कोळशाची शेगडी ठेवून, थंडी नको म्हणून दार-खिडकी लावून झोपणे म्हणजे मरणाला आत घेऊन कडी लावणे. खोलीतल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले, तर तो पित्ताचा त्रास नसतो. दारे उघडा, सगळ्यांना ओढून मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

मधुमेहाच्या रुग्णांची गोष्ट वेगळी. श्रावणी सोमवार म्हणजे उपास. रविवारी रात्री आठला जेवण, पहाटे तीनला गोळी घेतली, पोटात काही नाही, आणि सलग चार तास चालणे. साखर उतरायला आणखी काय हवे? हातपाय थरथरतात, घाम येतो, माणूस विसंगत बोलू लागतो आणि पावसात घाम कोणाला दिसत नाही. त्यामुळे फेरीच्या दिवशीच्या गोळ्या-इन्शुलिनचे प्रमाण आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि खिशात ग्लुकोज, खडीसाखर, खजूर ठेवा. उपासाला हे चालते. मुक्काम अशा ठिकाणी असावा की निघण्यापूर्वी कपभर दूध, केळी, राजगिऱ्याचा लाडू मिळेल, किंवा आपण नेलेला खाता येईल. इन्शुलिनच्या बाटलीसाठी फ्रीज शोधत फिरण्याचे कारण नाही. वापरात असलेली बाटली श्रावणातल्या त्र्यंबकच्या हवेत खोलीत सहज टिकते. फक्त उभ्या गाडीत ठेवू नका.

आणि पाय. अनवाणी फेरी घालण्याची अनेकांची प्रथा आहे, तिच्याविषयी मी बोलणार नाही. पण ज्यांच्या तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा आहे, त्या मधुमेहींनी अनवाणी चालू नये, हे डॉक्टर म्हणून मला ठामपणे सांगितलेच पाहिजे. खडा टोचलेला त्यांना कळत नाही. आमच्या एका रुग्णाच्या टाचेत काच आठ दिवस होती; पुढे दोन बोटे गेली. मुक्कामाच्या खोलीत उजेड चांगला असावा असे मी म्हणतो ते याचसाठी. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर तळपाय उजेडात पाहायचे, स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याला पाहायला सांगायचे. साबणाने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. म्हणूनच मुक्काम केवळ जाण्याच्या रात्रीपुरता न धरता परतल्यावर दोन तास टेकायलाही तीच खोली राहील असा धरावा. ओल्या कपड्यांनी, भरलेल्या पायांनी तडक बसमध्ये बसून ओझर गाठणारे तापाने पडतात, त्यात नवल नाही.

दुखण्याच्या गोळीचे म्हणाल तर, उपाशीपोटी ती घेऊन चालू नका. जठराला तर ती जाळतेच, पण पाणी कमी पडलेल्या अंगात मूत्रपिंडालाही इजा करते. रक्तदाब असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

राहता राहिला प्रश्न, गावात राहावे की बाहेर? माझे मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. तरुण, धडधाकट माणसाने त्र्यंबकमध्येच राहावे. भजने, गर्दी, जाग हा त्या रात्रीचा आनंदच आहे आणि एक रात्र जागून त्यांचे काही बिघडत नाही. साठीच्या पुढच्यांनी, हृदयरुग्णांनी आणि लहान मुलांच्या आयांनी मात्र रविवारी रात्री त्र्यंबकमध्ये झोप मिळेल या भ्रमात राहू नये. रात्रभर भोंगे, शिट्ट्या, "बम बम भोले". त्यांनी रविवारी नाशिकमध्ये नातलगाकडे किंवा साध्या लॉजवर नऊ वाजता झोपावे आणि पहाटेची जादा बस धरावी. अठ्ठावीस-तीस किलोमीटरचे अंतर, गर्दी धरून दीड-दोन तास. किंवा शनिवारीच त्र्यंबकला जाऊन, दर्शन करून, रविवारी दुपारी ताणून द्यावी. ओझरहून रात्री एकला स्वतःची गाडी काढून जाणे आणि फेरी संपवून तीच गाडी झोपाळल्या डोळ्यांनी हाकत परत येणे, हा सर्वांत वाईट बेत. त्या गाडीत बसलेल्यांना मण्यारीची नव्हे, महामार्गाची भीती असते.

ज्यांची हृदयाची शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी सरळ दुसरा एखादा दिवस निवडावा. पुण्याचा हिशेब मला कळत नाही, गर्दीचा कळतो. त्या दिवशी वाटेत छातीत दुखू लागले तर रुग्णवाहिका तुमच्यापर्यंत पोहोचायला तिलाच प्रदक्षिणा घालावी लागते. इतर दिवशी मुक्कामही हवा तसा मिळतो. महिनाभर आधीपासून रोज सकाळी टाउनशिपच्या रस्त्यांवर तासभर चालून पाहावे; तेवढ्यात दम लागत असेल तर खोली ठरवण्यापूर्वी माझ्याकडे किंवा आपल्या डॉक्टरांकडे कार्डिओग्राम काढायला यावे.

२०२७ च्या सिंहस्थाचे नाव काढून काही जण आतापासूनच विचारणा करतात. ती गर्दी तिसऱ्या सोमवारच्या कितीतरी पट. तिथे वरच्या गोष्टींत आणखी एक घाला: खोलीत सामान टाकले की आधी खाली जाऊन बाहेर पडायचा दुसरा रस्ता पाहून या. एकाच अरुंद जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात माणसे झोपलेली आणि खाली गॅसवर स्वयंपाक, अशी जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका. चंपाषष्ठीला आपल्या गावी खंडोबाच्या यात्रेला पाहुणे येतात तेव्हा आपणही माडीवर, जिन्यात अंथरुणे टाकतोच की. निदान जिना मोकळा ठेवण्याची सवय घरच्या यात्रेपासून लावून घेता येईल.

पिशवीत एका कागदावर आपले नाव, वय, घरचा फोन, चालू असलेल्या औषधांची नावे आणि मुक्कामाच्या जागेचा पत्ता लिहून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मोबाइल भिजतो, त्याची बॅटरी संपते. आणि ज्याला साखर आहे, फिट येते किंवा ऐकू कमी येते, त्याच्या कागदावर ते मोठ्या अक्षरांत लिहा, मराठीतच.